मुंजीची तबकडी कां लागत नाहीं?

घरांत एखादें मंगलकार्य पार पडलें कीं पूर्वी दोन गोष्टी मागें उरत : डब्यांतले लाडू आणि मनांतल्या आठवणी. लाडू आठ-पंधरा दिवसांत संपत. आठवणी ज्याच्या त्याच्या स्मरणशक्तीप्रमाणें टिकत. हल्लीं तिसरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे कार्याचें चलच्चित्र. घरांतील तरुण मंडळी तें दुसऱ्याच दिवशीं आपापल्या मोबाईलवर पाहून मोकळी होतात. परंतु ज्यांना तें पाहण्याची खरी आंच असते, त्यांचे डोळे त्या चार बोटें रुंद कांचेवर ठरत नाहींत. त्यांच्या खोलींत दूरदर्शन संचाखालीं जुना डीव्हीडी प्लेअर असतो. तबकडी आंत सारावयाची आणि एक कळ दाबावयाची, एवढी विद्या त्यांनीं मोठ्या कष्टानें आपलीशी केलेली असते. नातवानें हौसेनें फाईल तबकडीवर उतरवून द्यावी, आजीनें ती यंत्रांत घालावी, यंत्रानें क्षणभर घरघर करावी आणि पडद्यावर नकाराचीं इंग्रजी अक्षरें उमटावीं, हा प्रसंग कांहीं एखाद्याच घरचा नव्हे.

ह्या महिन्याच्या सदरांत ह्या नकाराचें निदान करण्याचें योजिलें आहे. विषय यंत्राचा असला तरी रीत वैद्यकाचीच आहे : आधीं लक्षण, मग निदान आणि शेवटीं उपाय. हा क्रम मोडून जो एकदम उपायाला लागतो, तो तबकड्याही वायां घालवितो आणि दोषही भलत्याच्याच माथीं मारतो.

एका घरची हकीकत नमुन्यादाखल सांगण्यासारखी आहे. घर वाशीममधलें, चार पिढ्या एकत्र नांदणारें. पणतवाची मुंज पुण्यास झाली. नव्वदीच्या घरांतल्या पणजीबाई मांडीचें हाड मोडल्यामुळें जाऊं शकल्या नाहींत. मुंजीचें चित्रण मोबाईलवर आलें, तें नातवानें एकामागून एक चार तबकड्यांवर उतरविलें आणि चारही तबकड्या यंत्रानें नाकारल्या. तेव्हां यंत्रच निकामी झालें असा निकाल देऊन तें भंगारवाल्यास देण्याची भाषा सुरू झाली. पणजीबाई म्हणाल्या, "मुंज दिसली नाहीं तरी चालेल हो मला, पण हें यंत्र घालवूं नका. ह्यांचा आवाज आहे त्यांत." आवाज होता तो त्यांच्या दिवंगत यजमानांचा. सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळीं केलेल्या एका जुन्या तबकडींत आजोबा संकल्प सोडतांना ऐकूं येतात, आणि त्यांच्या तिथीला बाई दर वर्षीं ती तबकडी लावून बसतात.

बाईंच्या त्या एका वाक्यांतच निदानाची पहिली पायरी होती, पण ती कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. जुनी तबकडी त्याच यंत्रावर स्वच्छ लागत होती. अर्थात् यंत्र धडधाकट होतें. म्हणून पहिला नियम हा : नवी तबकडी लागली नाहीं तर घरांतली चालणारी एखादी जुनी तबकडी आधीं लावून पाहावी. ती चालली तर दोष नव्या तबकडींत आहे. तीही चालली नाहीं, तरच यंत्राच्या आंतील भिंगावर धूळ बसली आहे कीं काय, याचा विचार करावा.

आतां यंत्र धड आणि तबकडीही कोरी करकरीत, तर मग नकार कां? वऱ्हाडांतील वाचकांना हें रेल्वेच्या दृष्टांतानें चटकन् समजेल. मुंबई-नागपूर हा मुख्य लोहमार्ग रुंद, म्हणजे दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असलेला. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीवरून पूर्णेकडे जाणारा मार्ग २००८ सालीं रुंद होईपर्यंत १००० मिलिमीटरांचा, म्हणजे मीटर गेज होता. आणि कारंज्यावरून मूर्तिजापुरास जाणारी आपली 'शकुंतला' तर अवघ्या ७६२ मिलिमीटरांची होती. कारंज्याकडचा कापूस शकुंतलेनें मूर्तिजापुरास आला म्हणजे गांठी उतरवून मुख्य मार्गावरील डब्यांत भराव्या लागत. कापूस तोच, गिऱ्हाईक तेंच. परंतु डबा बदलल्यावांचून माल पुढें सरकत नसे. त्यांत ना कापसाचा दोष, ना रुळांचा.

फाईलचेंही असेंच आहे. नांवाच्या शेवटीं टिंबापुढें जीं अक्षरें असतात, एव्हीआय, एमपी-फोर, एमकेव्ही वगैरे, तें केवळ डब्याचें नांव होय. डब्यांत मुख्यतः दोन गांठी असतात, एक चित्राची व दुसरी ध्वनीची. चित्र न दाबतां ठेवूं म्हटलें तर सबंध डीव्हीडी चार-पांच मिनिटांच्या चित्रणांतच भरून जाईल. म्हणून तें दाबून बांधावें लागतें. बांधण्याची व सोडण्याची ही जी रीत, तिला कोडेक म्हणतात. डीव्हीडी हा प्रकार १९९६ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आला, आणि त्यांतील चित्राची गांठ एमपीईजी-२ ह्या रीतीनें बांधावयाची असें ठरलें. त्याआधींची व्हीसीडी १९९३ सालची, तिची रीत एमपीईजी-१. आजचे मोबाईल मात्र २००३ सालीं ठरलेल्या एच-२६४ अथवा २०१३ सालीं ठरलेल्या एच-२६५ ह्या रीतीनें गांठ बांधतात. डीव्हीडी प्लेअरमधील गांठ सोडण्याचें काम एका ठराविक चकतीकडे सोंपविलेलें असतें. तिला जें शिकवून पाठविलें तेवढेंच तिला येतें, मागाहून नवें शिकवितां येत नाहीं. तेव्हां १९९६ सालच्या नियमावर बेतलेल्या यंत्रानें २०१३ सालची गांठ सोडली नाहीं, तर तो त्याचा अपराध नव्हे.

ह्यावरून एक सार्वत्रिक गैरसमज दूर व्हावा. पुष्कळ मुलें फाईलच्या नांवाचीं शेवटचीं अक्षरें बदलून 'रूपांतर झालें' असें समजतात. शकुंतलेच्या डब्यावर रंगानें 'मुंबई मेल' असें लिहिल्यानें तो रुंद रुळांवर धावूं लागत नाहीं. तसेंच, नुसती फाईल तबकडीवर उतरविणें निराळें आणि यंत्राला समजेल अशी डीव्हीडी सिद्ध करणें निराळें. वर सांगितलेल्या चार तबकड्यांत नेमकें हेंच झालें होतें.

रूपांतरापूर्वीं दोन वस्तु वाचाव्या. पहिली, प्लेअरचें तोंड. त्याच्या दर्शनी भागावर अथवा सोबतच्या पुस्तिकेंत तो काय काय वाचूं शकतो त्याचीं चिन्हें दिलेलीं असतात : डीव्हीडी, व्हीसीडी, एमपी-थ्री, डिव्हएक्स, यूएसबी इत्यादि. दुसरी, फाईलचें पोट. संगणकावर मीडियाइन्फो नांवाचा विनामूल्य प्रोग्राम मिळतो. त्यांत फाईल उघडली कीं चित्राची रीत, ध्वनीची रीत, लांबी-रुंदी, दर सेकंदास किती चित्रें, हें सर्व कुंडलीप्रमाणें समोर येतें. मुंजीच्या त्या फाईलची कुंडली अशी निघाली : चित्र एच-२६५, ध्वनि एएसी, आणि मोबाईल उभा धरून घेतलेलें चित्रण. तिन्ही ग्रह त्या जुन्या यंत्राला प्रतिकूल.

पुढें मार्ग दोन आहेत. पहिला शास्त्रोक्त डीव्हीडीचा. तो सर्व प्लेअरांना मानवतो. आपल्याकडील पाल पद्धतीप्रमाणें चित्र आडवें ७२० व उभें ५७६ ठिपक्यांचें, सेकंदास २५ चित्रें, रीत एमपीईजी-२. ध्वनि सेकंदास ४८,००० नमुन्यांचा, एसी-थ्री अथवा एमपी-टू रीतीचा. अशी सामग्री 'व्हिडिओ टीएस' नांवाच्या कप्प्यांत विशिष्ट मांडणीनें ठेवावी लागते. त्यांतील आयएफओ म्हणजे अनुक्रमणिका, व्हीओबी म्हणजे प्रत्यक्ष ग्रंथ आणि बीयूपी म्हणजे अनुक्रमणिकेची राखीव प्रत. हा खटाटोप हातानें करण्याचें कारण नाहीं. डीव्हीडीस्टायलर हा विनामूल्य प्रोग्राम रूपांतर, मांडणी आणि तबकडीवर लेखन हीं तिन्ही कामें करतो. एफएफएमपेग नांवाचें प्रसिद्ध साधन जाणत्यांच्या परिचयाचें आहे. त्याला 'पाल डीव्हीडी' एवढें लक्ष्य सांगितलें कीं बाकीचीं मापें तें स्वतःच घेतें, मात्र कप्प्याची मांडणी दुसऱ्या प्रोग्रामकडून करवून घ्यावी लागते. हँडब्रेक हा लोकप्रिय प्रोग्राम ह्या कामीं उपयोगी नाहीं. तो डीव्हीडीवरून फाईल बनवितो, फाईलवरून डीव्हीडी नव्हे.

दुसरा मार्ग ज्या प्लेअरवर डिव्हएक्सचें चिन्ह आहे त्यांच्यापुरता. अशा यंत्राला एव्हीआय डब्यांत एक्सव्हिड रीतीचें चित्र आणि एमपी-थ्री ध्वनि दिला, आणि माप ७२० बाय ५७६ च्या आंत ठेवलें, म्हणजे तें साध्या फाईलीही वाचतें. एक्सव्हिडमधील 'क्यूपेल' आणि 'जीएमसी' ह्या दोन सोयी मात्र बंद ठेवाव्या. त्यांनीं जागा थोडी वांचते, पण पुष्कळ प्लेअरांना त्या पचत नाहींत. अशा यंत्रास यूएसबीचें भोंक असल्यास पेन ड्राईव्हही चालतो; तो फॅट-३२ पद्धतीनें तयार केलेला असावा. ह्या पद्धतींत ४ गिगाबाईटांहून मोठी एकच फाईल मावत नाहीं, तेव्हां लांबलचक चित्रणाचे तुकडे करावे. दूरदर्शन संच नवा असून त्यालाच यूएसबी असेल, तर तबकडीचा आग्रहच धरूं नये. असे बहुतेक संच मोबाईलची एच-२६४ फाईल जशीच्या तशी दाखवितात. पण घरच्या वडील माणसाचा हात जुन्या प्लेअरच्या कळींवर बसलेला असेल, तर दोन तासांचे श्रम वांचविण्यासाठीं त्यांना नवी विद्या शिकावयास लावणें बरें नव्हे.

एका तबकडीवर किती चित्रण घालावें, हें शाळेंतल्या त्रैराशिकानें काढतां येतें. डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाईट, म्हणजे ४७० कोटी बाईट. (संगणक तीच ४.३८ दाखवितो, कारण तो हजारानें न मोजतां १०२४ नें मोजतो. दुकानदारानें फसविलें असें समजूं नये.) आठानें गुणलें म्हणजे ३,७६० कोटी बिट झाले. दोन तासांचे ७,२०० सेकंद. भागाकार केला तर सेकंदाच्या वांट्याला सुमारें ५२ लक्ष बिट येतात. ध्वनि व अनुक्रमणिका यांचा हिस्सा काढून चित्राला ४८ लक्ष ठेवले तरी चित्र चांगलें दिसतें. चार तासांचें लग्न एकाच तबकडींत कोंबलें तर हाच वांटा अर्ध्यावर येतो, आणि होमाच्या धुरांत व अक्षतांच्या वर्षावांत, जेथें प्रत्येक ठिपका हलत असतो तेथें, चित्रभर चौकोनी ठिगळें दिसूं लागतात. अशा वेळीं तबकड्या दोन कराव्या. काटकसर येथें महागांत पडते. उलट, तास-अर्ध्या तासाचें चित्रण असलें म्हणून वेग वाटेल तितका वाढवूं नये. डीव्हीडींत चित्राची कमाल मर्यादा सेकंदास ९८ लक्ष बिट आहे. घरीं केलेल्या तबकडीला ८० लक्षांच्या आंतबाहेर राहणें हितावह.

आतां लक्षणें एकेक घेऊं.

यंत्र तबकडी ओळखीतच नाहीं : बहुधा लेखन पुरें झाल्यावर तबकडी 'फायनलाईज', म्हणजे बंद केलेली नसते. पोथी लिहून झाली पण समाप्तीची खूण केली नाहीं, तसेंच हें. संगणक समजून घेतो, प्लेअर समजून घेत नाहीं. दुसरें कारण तबकडीची जात. कोऱ्या तबकड्या 'वजा आर' आणि 'अधिक आर' अशा दोन जातींच्या असतात. एक चालत नसल्यास दुसरी आणून पाहावी. लेखनाचा वेग कमाल न ठेवतां मध्यम ठेवावा.

फाईलींचीं नांवें दिसतात, पण चालत नाहींत : डबा पोंचला, गांठ सुटली नाहीं. वर सांगितलेल्या दोहोंपैकीं एका मार्गानें रूपांतर करावें.

चित्र दिसतें, ध्वनि नाहीं : ध्वनीची गांठ एएसी अथवा डीटीएस रीतीची असते. चित्राला हात न लावतां नुसता ध्वनि एसी-थ्री अथवा एमपी-टू करून घेतला तरी काम भागतें. जी गांठ बरी आहे ती सोडूं नये, हा येथील मुख्य विवेक.

मंगलाष्टकें आधीं ऐकूं येतात आणि ओंठ मागाहून हलतात : मोबाईल दर सेकंदास चित्रें सारखीं घेत नाहीं; उजेडाप्रमाणें कधीं तीस, कधीं चोवीस अशीं घेतो. प्लेअर मात्र घड्याळाप्रमाणें पंचवीस दाखवितो. आरंभीं जुळलेले ध्वनि-चित्र तासाभरांत कांहीं सेकंदांनीं फारकत घेतात. रूपांतर करतांना चित्रांचा वेग 'स्थिर २५' असा निश्चित करावा.

माणसें आडवीं पडलेलीं दिसतात : उभ्या मोबाईलच्या फाईलींत 'चित्र वळवून दाखवावें' एवढी सूचनाच टिपलेली असते, जुना प्लेअर ती वाचीत नाहीं. रूपांतरांत चित्र प्रत्यक्ष वळवून दोहों बाजूंस काळे पट्टे सोडावे. चेहरे ताणलेले किंवा चेपलेले दिसले तर ४:३ व १६:९ ह्या दोन प्रमाणांचा घोटाळा झालेला आहे. तो दूर करण्यापूर्वीं संचाच्या कळा दाबून पाहाव्या. पुष्कळदां दोष संचाच्या मांडणींतच सांपडतो.

हलत्या वस्तूंना फणीसारखे दांते पडतात : जुन्या व्हिडिओ टेपमध्यें प्रत्येक चित्र विषम व सम अशा दोन अर्ध्या ओळींच्या संचांनीं बनलेलें असतें. त्यांचा क्रम उलटला तर हालचाल अडखळते. रूपांतरांत 'फील्ड ऑर्डर' नांवाचा पर्याय असतो. तो बदलून पाहावा.

चित्र रंगहीन दिसतें अथवा वरखालीं धावतें : अमेरिकेंतील चिरंजीवांनीं पाठविलेली तबकडी एनटीएससी पद्धतीची असते, ५७६ ऐवजीं ४८० ओळींची. आपल्याकडचे प्लेअर बहुधा ती वाचतात. त्यांच्या मांडणींत 'ऑटो' अथवा 'मल्टी' निवडावें. तिकडून विकत आणलेल्या चित्रपटाच्या तबकडीस मात्र प्रदेशाचें कुलूपही असतें. अमेरिकेचा क्रमांक १, भारताचा ५. घरगुती तबकडीस असें कुलूप नसतें.

मराठी अक्षरांऐवजीं चौकोन उमटतात : फाईलीसोबतचीं उपशीर्षकें वाचणाऱ्या प्लेअरांना बहुधा रोमन लिपीच शिकविलेली असते, देवनागरीचीं जोडाक्षरें त्यांच्या आवांक्याबाहेरचीं. शास्त्रोक्त डीव्हीडींत उपशीर्षक हें अक्षर म्हणून नव्हे, तर चित्र म्हणून ठेवतात, त्यामुळें तेथें ही अडचण राहत नाहीं. अथवा अक्षरें चित्रांतच कायमचीं उमटवून घ्यावीं.

कानसेन वाचकांसाठीं आणखी एक. बोलपट सेकंदास २४ चित्रांचा. पालची तबकडी २५ ची. २४ चीं चित्रें २५ नें पळविलीं तर दोन तासांचा पट पावणेपांच-पांच मिनिटें लवकर संपतो, आणि स्वर न सांवरल्यास गाणें सुमारें पाऊण अर्धस्वर चढतें. 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'सारखा पट ज्यांच्या कानांत बसला आहे, त्यांना अशा तबकडींत 'कांहीं तरी चढलेलें' वाटेल, तें उगीच नव्हे. मूकपट तर हातानें यंत्र फिरवून, पुष्कळदां सेकंदास सोळा-अठरा चित्रांच्या आसपास घेतलेले. ते आजच्या वेगानें दाखविले म्हणजे गंभीर प्रसंगींही माणसें दुडुदुडु पळतात. दोष नटांचा नाहीं, रूपांतराचा आहे.

सर्व उपाय केल्यावरही आधीं सबंध तबकडी करूं नये. दोन मिनिटांचा नमुना पुन्हां पुन्हां पुसतां येणाऱ्या 'आरडब्ल्यू' तबकडीवर उतरवून, ज्या यंत्रावर तो पाहावयाचा आहे त्याच यंत्रावर लावून पाहावा. मात्र यंत्र आरडब्ल्यू जात वाचतें ना, ही खात्री आधीं करून घ्यावी. भाताची परीक्षा शितावरून. त्या वाशीमच्या घरीं ह्याच रीतीनें पांचवी तबकडी झाली, आणि पणजीबाईंनीं मातृभोजनाचा भाग तीन वेळां पाहिला.

येथवर विषय संपला असता. परंतु ह्या सर्व खटाटोपांत एक मोठा धोका लपलेला आहे, आणि त्याकरितांच मीं हा लेख लिहावयास घेतला. प्रत्येक वेळीं गांठ सोडून नव्यानें बांधतांना कांहीं कापूस गळतो. ही हानि भरून येत नाहीं. व्हीसीडीचें चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचें, म्हणजे डीव्हीडीच्या सुमारें चतुर्थांश. ती व्हीसीडी पुढें डीव्हीडींत रूपांतरित केली तर तबकडी मोठी होते, चित्र स्पष्ट होत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? अनेक घरांत लग्नाची व्हिडिओ टेप व्हीसीडीवर उतरविल्यावर 'आतां हिचें काय काम' म्हणून टेप टाकून दिली गेली. आज त्या टेपमधून पुष्कळ सरस प्रत काढतां आली असती. हातीं उरली आहे ती धूसर व्हीसीडी.

पोथ्यांच्या जगांत हें सत्य फार जुनें आहे. नकलेची नक्कल करतांना पाठभेद वाढत जातात. म्हणून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील पंडितांनीं १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां शेंकडों हस्तलिखितें ताडून मूळाच्या जास्तींत जास्त जवळ जाण्याचा मार्ग धरला. चित्रपटांची कथा अधिक खेदकारक आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत लागला. त्याचा सबंध पट आज उपलब्ध नाहीं, कांहीं रिळेंच उरलीं आहेत. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंवर आपले पुष्कळसे मूकपट नष्ट होऊन गेले होते. राष्ट्राचें झालें तेंच कुटुंबाचें होऊं नये.

म्हणून मोबाईलमधून अथवा कॅमेऱ्यांतून निघालेली पहिली फाईल हीच मूळ संहिता समजावी. तबकडी ही तिची पारायणाची प्रत. प्लेअर बदलेल, तबकडीचा प्रकारही बदलेल; नवी प्रत प्रत्येक वेळीं मूळावरून करावी, आधींच्या प्रतीवरून नव्हे. लक्षांत असावें कीं निरोपाच्या मार्गानें मोबाईलवरून मोबाईलवर आलेलें चित्रण वाटेंतच आकसलेलें असतें. ज्यानें चित्रण केलें त्याच्याकडून मूळ फाईलच मागून घ्यावी. मूळाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. लिहिलेल्या तबकडींत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता हे त्याचे वैरी. आपल्याकडच्या वैशाखांत पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली तबकडी केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. तीवर कागद चिकटवूं नये. मऊ टोकाच्या पेनानें नांव व तिथि लिहावी, आणि ती उभी, डबींत, अंधारांत ठेवावी.

वाशीमला, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माला, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला. आरंभ संस्कृतांत, पुढील मजकूर प्राकृतांत. सुमारें सोळाशें वर्षांपूर्वींचा. तो वाचावयास डोळे आणि लिपीचें ज्ञान एवढ्यावर भागलें. आपल्या घरच्या तबकडीचें तसें नाहीं. ती वाचणारें यंत्र नाहींसें झालें कीं ती नुसती चकचकीत चकती आहे. म्हणून ज्या यंत्रावर घरच्या गेलेल्या माणसाचा आवाज अजून ऐकूं येतो, तें घालविण्यापूर्वीं त्या तबकडींतील मजकूर संगणकावर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. आणि पुढच्या कार्याची यादी करतांना नारळ, सुपाऱ्या, जानवीं यांच्या खालीं एक ओळ अवश्य घालावी : मूळ फाईल, प्रती दोन, एक आपल्याकडे, एक मुलीच्या घरीं.